अंगाला न लागणारा माणूस

आमच्या ताईचं सासर कारंजा. एवढं सांगून भागत नाही. समोरचा लगेच नृसिंह सरस्वतींच्या नावानं हात जोडतो आणि मग त्याला सांगावं लागतं की ते कारंजा लाड, वाशीम जिल्ह्यातलं. आमचं घाडगे, वर्धा जिल्ह्यातलं, नागपूर-अमरावती महामार्गावरचं, संत्र्याचं. गावकऱ्यांना नावापुढच्या या कंसाची सवय झाली आहे, कुरिअरवाल्यांना अजून व्हायची आहे. ताईनं मागवलेला वजनाचा काटा आधी वाशीम जिल्ह्यात गेला, चार दिवस तिथला पाहुणचार घेतला आणि तिथूनच परत फिरला. भाऊजी म्हणाले, "पाह्य, काट्याचीच इच्छा नाही. तू कायले मनावर घेतं?"

भाऊजींचं बोलणं हे असं. त्यात वाईट काही नसतं. माणूस सोन्यासारखा आहे, फक्त त्याच्या अंगाला काही लागत नाही.

उंची पाच फूट नऊ इंच, वजन त्रेपन्न किलो. हा आकडा मी अंदाजानं सांगत नाही. भाऊजींचं खत-बियाण्यांचं दुकान आहे, हंगामात सोयाबीन आणि तूरही घेतात, त्यामुळे दुकानात मोठा इलेक्ट्रॉनिक काटा आहे आणि घरातल्या सगळ्यांची वजनं त्यावरच होतात. युरियाची पिशवी आधी पन्नास किलोची यायची, 2018 पासून पंचेचाळीसची झाली. भाऊजी सांगतात, "आधी मी युरियाहून तीन किलोनं भारी होतो, आता आठ किलोनं हाओ. माहं वजन वाढवलं ते सरकारनं." डीएपीची पिशवी अजून पन्नासचीच आहे. तिच्याशी ते बरोबरी करत नाहीत.

कारंजा तालुक्यातच हेटीकुंडीला गवळाऊ गुरांचं पैदास केंद्र आहे. गवळाऊ हा आमच्या भागाचा वाण: पांढरा, लांबट, हलक्या हाडाचा, चालायला लागला की मागे वळून न पाहणारा. भाऊजी त्याच वाणाचे. फरक एवढाच, की गवळाऊ बैल थोड्या चाऱ्यावर भागवतो.

भाऊजींचा दिवस सकाळी चहात बुडवलेल्या गोरसपाकाने उघडतो. गोरसपाक म्हणजे वर्धेची बिस्किटं. ती साजूक तुपाची असतात आणि वर्धेच्या माणसाच्या मते ती बिस्किटं नसून संस्कार असतात. मग आठला पोहे, त्यावर चण्याची तर्री. साडेबाराला दुकानात डबा येतो: चार पोळ्या, वरण, भात, आलू-वांग्याची भाजी, जवसाची चटणी आणि चटणीवर तेल. चारला चहा आणि चिवडा. सहाला महामार्गावरच्या ठेल्यावरचे आलूबोंडे, त्यातले दोन तिथंच उभ्यानं आणि चार घरी कागदात बांधून. रात्री साडेनऊला जेवण, वर वाटीभर दूध. आणि एवढं करून पँटला पट्टा लागतो, पट्ट्याला खिळा तापवून पाडलेली तीन जास्तीची भोकं असतात.

हे जन्मजात सडपातळ लोक मोठे गमतीचे. वडिलांनी लावलेला बगीचा आयता मिळालेला माणूस जसा शेतीच्या कष्टांवर भाषण देतो, तसे हे खाण्यापिण्यावर बोलतात. भाऊजींचं म्हणणं असं, की वजन खाण्यानं वाढत नाही, विचारानं वाढतं. "मी खातो अन् इसरून जातो. हे खाते अन् धरून बसते." माझी ताई एक्क्याऐंशी किलोची. तिनं काय काय धरून ठेवलं असेल याचा त्यांनी चोवीस वर्षांच्या संसारात कधी विचार केलेला नाही, कारण विचारानं वजन वाढतं.

मागच्या वर्षी डॉक्टरांनी ताईच्या रक्तातली तीन महिन्यांची साखर तपासली. 6.1 निघाली. हा काठावरचा आकडा. वजन उतरवा, नाहीतर गोळी सुरू करावी लागेल, असं डॉक्टर म्हणाले. ताईनं मैत्रिणींना विचारलं, मोबाइलवर व्याख्यानं ऐकली आणि डॉ. जगन्नाथ दीक्षितांची पद्धत धरली. कडकडून भूक लागेल तेव्हा दिवसातून दोनदाच जेवायचं, प्रत्येक जेवण पंचावन्न मिनिटांत संपवायचं, गोड शक्यतो टाळायचं, मध्ये काही खायचं नाही आणि पंचेचाळीस मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं. मध्ये अगदीच राहवलं नाही तर पाणी, पातळ ताक, बिनसाखरेचा चहा, फार तर एखादं टमाटर.

भाऊजी विरोध करतील असं मला वाटलं होतं. पण दीक्षित सांगतात ते मूळ डॉ. श्रीकांत जिचकारांचं, हे कळल्यावर त्यांची अडचण झाली. जिचकार म्हणजे आमच्या बाजूचे. 1980 साली पंचविशीत काटोलचे आमदार झाले होते. पदव्या इतक्या, की भाऊजींना त्यांची यादी पाठ नाही याचीच खंत. 2004 साली जिचकारांचा अपघात झाला तो याच महामार्गावर, कोंढाळीजवळ. ती जागा आली की भाऊजी अजूनही गाडीचा हॉर्न वाजवत नाहीत. जिचकारसाहेबांनी सांगितलेल्या गोष्टीला नाही कसं म्हणायचं? म्हणून त्यांनी पाठिंबा दिला. तो पाठिंबा ताईला विरोधापेक्षा महाग पडला.

पहिल्याच दिवशी त्यांनी मोबाइलवर पंचावन्न मिनिटांचा गजर लावला. ताई वीस मिनिटांत दोन पोळ्या खाऊन उठायला लागली तर म्हणाले, "काहून उठली व? अजून पस्तीस मिनिटं हायेत न." ताई म्हणाली, पोट भरलं. "पोट भरलं ते ठीक हाये. पन् साहेबांनी पंचावन्न मिनिटं देल्ली त काही विचार करूनच देल्ली असंन न? वाया कायले घालवतं?" आणि तिच्या ताटात पोळी पडली. शेवटच्या दहा मिनिटांत तर लग्नाच्या पंगतीला लाजवेल असा आग्रह. पाच मिनिटं राहिली, भात घे. दोन मिनिटं राहिली, निदान तूप तरी घे. गजर वाजला की दोघंही दमलेले. दुकानात डीएपी संपत आल्यावर जी धांदल असते, ती रोज सकाळ-संध्याकाळ स्वयंपाकघरात.

ताकाचंही तसंच. ताक चालतं म्हटल्यावर भाऊजी स्वतः उठून घुसळू लागले. घरची गाय, साय न काढलेलं दही. ते ताक पेल्यातून खाली यायला नाखूश असायचं. टमाटर एक चालतं म्हणून एकच आणलं, त्याच्या चकत्या केल्या, बेसनात बुडवल्या आणि तळल्या. "टमाटरच हाये," असं ते मला फोनवर सांगत होते आणि मागून ताईच्या रडण्याचा आवाज येत होता. निदान मला तो रडण्याचा वाटला. नंतर कळलं, ती हसत होती. चकत्या चार निघाल्या होत्या आणि तिनं तीन खाल्ल्या होत्या.

चालण्याची कथा मी डोळ्यांनी पाहिली. पहाटे साडेपाचला ताई बूट घालून सर्व्हिस रोडनं निघाली. सोबत म्हणून भाऊजी निघाले, स्कूटीवर. तिच्या बरोबरीनं, तिच्या वेगानं, दोन्ही पाय जमिनीवर टेकवत. डिक्कीत पाण्याची बाटली आणि टॉवेल. अमरावतीकडून आलेल्या एका ट्रकवाल्यानं तर गाडी बंद पडली का म्हणून थांबून विचारलं. सव्वादोन किलोमीटरवर वळायचं. वळायच्या जागेजवळच पोह्याचं दुकान उघडत असतं, हा योगायोग म्हणावा तर गावात पोह्याची दुकानं आणखीही आहेत आणि अंतर मोजलं होतं भाऊजींनी. ताई खात नसे. ती उभी राहायची आणि भाऊजी खायचे. कढईतून वाफ निघते आहे, पोह्यांवर लालभडक तर्री ओतली जाते आहे, वर कच्चा कांदा आणि सांभार. आणि हा काडीसारखा माणूस दुसरी प्लेट मागतो आहे, अशा दृश्यासमोर दहा मिनिटं उभं राहणं हा खरा व्यायाम. त्यात किती उष्मांक जळतात याचा अभ्यास कुणी केलेला माझ्या माहितीत नाही.

एकदा मी त्यांना गांधीजींची गोष्ट सांगितली. वर्धा जिल्ह्यात गांधीजींचा दाखला दिला की माणूस निदान दोन मिनिटं गप्प बसतो. सेवाग्रामला येण्याच्या कितीतरी आधीची, दक्षिण आफ्रिकेतली गोष्ट. कस्तुरबा आजारी होत्या, गांधीजी त्यांना मीठ आणि डाळी सोडायला सांगत होते. त्या ऐकेनात. शेवटी वैतागून म्हणाल्या, तुम्हाला कुणी सोडायला सांगितलं तर तुमच्याच्यानंही होणार नाही. गांधीजींनी तिथल्या तिथं जाहीर केलं, की तू सोड नाहीतर नको सोडू, मी वर्षभर दोन्ही सोडलं. कस्तुरबा घाबरल्या, मी सोडते पण तुम्ही शब्द मागे घ्या म्हणून विनवू लागल्या. गांधीजींनी घेतला नाही. आत्मकथेत त्यांनीच हे लिहिलंय. मी म्हटलं, "भाऊजी, बायकोला पथ्य करायला लावायचं तर नवऱ्यानं आधी करायचं असतं."

भाऊजींनी चण्याचे फुटाणे तोंडात टाकले. "म्हणून त ते महात्मा झाले. आपलं खताचं दुकान हाये."

पोळ्याच्या दिवशी मात्र दोघांचं चांगलंच वाजलं. बैलांना पुरणपोळी खाऊ घातली आणि ताई म्हणाली, मी एकच खाणार, तीही बिनतुपाची. भाऊजींना हे खरंच लागलं. बैलाच्या तोंडात घास देताना ते म्हणाले, "जनावराले तुपाची पोळी अन् घरच्या लक्ष्मीले कोरडी? लोकं काय म्हणतीन मले?" त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला तेव्हा प्रथमच जाणवलं, की हा माणूस खोडी काढत नाही. यांच्या आईनं, आजीनं, यांच्यावर जीव लावणाऱ्या सगळ्यांनी यांना फक्त वाढलंय. जीव लावायची दुसरी कुठली रीत यांना कुणी दाखवलेलीच नाही. ताईनं तुपाच्या दोन पोळ्या खाल्ल्या.

आठ महिन्यांत ताईचं वजन दोन किलो उतरलं. दुकानातल्या काट्यावर एकोणऐंशी. "साडीचं बारदान कापा," ती म्हणाली. भाऊजींनी साडीचे सहाशे ग्रॅम प्रामाणिकपणे कापले. गावात कुजबुज आहे, की तो काटा शेतकऱ्याच्या मालाला कमी दाखवतो. ताईचं म्हणणं, मला जास्त दाखवतो. दोन्ही तक्रारी ऐकून भाऊजी म्हणतात, म्हणजे बरोबर मध्ये आहे.

आठ महिने दोन वेळा जेवून, रोज साडेचार किलोमीटर चालून फक्त दोन किलो? मी एक रात्र मुक्कामाला होतो तेव्हा याचा उलगडा झाला. ताईचं जेवण सातलाच आटोपलं होतं. साडेनऊला भाऊजी बसले. निम्मं लक्ष ताटात, निम्मं बातम्यांत. ज्याच्या अंगाला लागत नाही तो माणूस ताट कधी पूर्ण साफ करत नाही, अन्नावर त्याचा तेवढा हक्कच नसतो जणू. ते हात धुवायला उठले. ताटात चतकोर पोळी, वाटीच्या बुडाशी दोन घास वांग्याची भाजी, कडेला साकळलेलं लाल तेल. ताईनं ताट उचललं आणि मोरीपाशी नेलं. माझ्याकडे तिची पाठ होती. चतकोरानं वाटी आतून गोल पुसली, तोंडात टाकली आणि नळ सोडला. सगळं मिळून आठ सेकंद.

तिला विचारलं असतं तर देवाची शपथ घेऊन म्हणाली असती, की सातनंतर काही खाल्लं नाही. आणि ते खोटंही नव्हतं. ती खात नव्हती, भांडी आवरत होती. अन्न टाकायचं नाही, हे आमच्या आईनं तिला शिकवलेलं. मला तेवढं शिकवलं नव्हतं, मी मुलगा. दोन वेळचे दोन चतकोर म्हणजे रोजची अर्धी पोळी. वर्षाच्या 182 पोळ्या, तेल वेगळं. चोवीस वर्षांच्या चार हजारांवर. माझ्या ताईच्या अंगावर जे दिसतं त्यातलं बरंचसं भाऊजींचं आहे. त्यांच्या अंगाला लागत नाही ते कुठं जातं, हा प्रश्न आमच्याकडे पूर्वीपासून विचारला जायचा. उत्तर मोरीपाशी उभं होतं.

मी काही बोललो नाही. पाहुण्यानं कुठवर बोलावं यालाही मर्यादा असते.

थंडीत, संत्र्याच्या अंबिया बहाराची तोड चालू असताना, गावात मधुमेह तपासणीचं शिबिर लागलं. ताईचा नंबर होता. भाऊजी सोबत गेले, रांगेत कंटाळले आणि फुकट आहे म्हणून त्यांनीही बाही वर केली. ताईचा आकडा आला 5.8. भाऊजींचा 7.8.

भाऊजींना यात काहीच अवघड वाटलं नाही. "अदलाबदल झाली. लाडचा रिपोर्ट घाडग्याले आला." पुन्हा रक्त दिलं, उपाशीपोटी, दुसऱ्या प्रयोगशाळेत. पुन्हा तेच. डॉक्टर हसून म्हणाले, बारीक माणसाला मधुमेह होत नाही हे कुणी सांगितलं तुम्हाला? पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आयुष्यभर हेच सांगत आले आहेत. भारतीय माणूस वरून सडपातळ आणि आतून चरबीदार. 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा आणि त्यांचे लंडनचे मित्र डॉ. जॉन युडकिन यांचा जोडीनं फोटो छापून आला होता. उंचीच्या मानानं दोघांचं वजन अगदी सारखं, दोघांचा बीएमआय 22.3. चरबी मोजली तर साहेबाच्या अंगात 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात 21.2. घरी आल्यावर मी हा फोटो भाऊजींना मोबाइलवर दाखवला. त्यांनी तो बोटांनी मोठा करून पाहिला, मग शर्ट वर करून स्वतःचं पोट चिमटीत धरून पाहिलं. चिमटीत आलं. बाहेर क्यारेट मोजून देणारा माणूस आकडा ओरडत होता, त्यांना ऐकू गेलं नाही.

डॉक्टरांनी त्यांना गोळी दिली आणि बजावलं, की वजन उतरवायचं नाही, ते आधीच कमी आहे. गोड बंद, तळलेलं बंद, चालायचं पायांनी. आणि गोळी चालू असताना दोनदा जेवण्याचा प्रयोग मनानं करायचा नाही, विचारून करायचा. भाऊजींनी यातलं नेमकं पहिलंच वाक्य उचललं. "पाह्य, डॉक्टरच म्हनून राह्यले. वजनाचा अन् साखरेचा संबंध नाही. मी पहिल्यापासून सांगून राह्यलो."

पण माणूस पालटला. घाबरला म्हणून पालटला असं ताई म्हणते. मला वाटतं, त्यांना विषय मिळाला. डॉक्टरांना विचारून, गोळी कमी करून घेऊन, त्यांनी ताईच्याच वेळा धरल्या. आता दुकानात युरिया घ्यायला आलेल्या शेतकऱ्याला ते आधी इन्सुलिन समजावतात. पिकाला रोज खत देता का? नाही न? मग पोटाला दिवसातून सहादा कायले? त्यांना या विषयातलं सगळं कळतं, ताईला फारसं कळत नाही अशी त्यांची समजूत आहे. परवा ती चहात दूध घालत होती तर म्हणाले, "तुले नेमच मालूम नाही व." ती नुसती पाहत राहिली. आठ महिने कुणी कुणाला नेम शिकवले ते तिनं काढलं नाही. मी ताईच्या जागी असतो तर त्या दिवशी दूध पातेल्यासकट ओतलं असतं.

स्कूटी आता घरी असते. पहाटे दोघंही चालतात. भाऊजी गवळाऊ चालीनं पुढे, ताई मागे, आणि पोह्याच्या दुकानासमोरून जाताना दोघंही रस्त्याच्या दुसऱ्या कडेला होतात. पोहेवाला लांबून हात करतो. अठरा वर्षांचं गिऱ्हाईक, त्यालाही वाईट वाटतं.

गंमत पुढेच आहे. पंचावन्न मिनिटांचा गजर आता भाऊजींसाठी वाजतो आणि दोनदाच खायचं म्हटल्यावर त्यांना ताटातल्या शिताशिताची किंमत कळली आहे. चतकोर उरत नाही. वाटी बोटानं पुसतात, चटणीचं तेलही सोडत नाहीत. ताई मोरीपाशी ताट नेते तेव्हा त्यात धुण्याजोगंसुद्धा फार नसतं. चार महिन्यांत ती पंच्याहत्तरवर आली, बारदान न कापता. भाऊजी त्याचं श्रेय स्वतःच्या मार्गदर्शनाला देतात. आणि हिशेब काढला तर ते खोटंही नाही, फक्त त्यांना वाटतं त्या कारणानं नाही. त्यांचं स्वतःचं वजन बावन्न. काही फरक नाही, अंगाला लागत नाही.

तेव्हा नागपूरहून अमरावतीला जाता-येता कारंज्याला थांबणं झालं, म्हणजे घाडगे, लाड नव्हे, तर त्यांच्याकडे जरूर जा. खताचं दुकान कुणीही दाखवेल. सातच्या आत पोचलात तर जेवायला बसवतील, भाकर आणि वांग्याचं भरीत असेल. सातनंतर पोचलात तर ताक मिळेल, पातळ. जेवायला बसलात तर लागेल तेवढंच वाढून घ्या. आणि कृपा करून ताटात काही टाकू नका.